नाताळच्या रात्रीचे मारेकरी : सणांवर बेतलेल्या अल्पखर्ची भयपटांची कहाणी

सण आणि भय यांचे नाते जुने आहे. ज्या रात्री घर दिव्यांनी उजळते, त्याच रात्री अंगणापलीकडचा काळोख अधिक दाट वाटू लागतो. इंग्लंडात नाताळच्या दिवसांत शेकोटीभोवती बसून भुताखेतांच्या गोष्टी सांगण्याची रीत होती. चार्ल्स डिकन्स यांनी १८४३ साली लिहिलेली 'अ ख्रिसमस कॅरल' ही कथा त्याच रीतीचे फळ होय. मात्र त्या कथेतील भुते कंजूष म्हाताऱ्याला घाबरवतात ती त्याला पश्चात्तापाकडे नेण्यासाठी. सकाळ होते तेव्हा तो बदललेला असतो आणि गरिबाच्या घरी सणाचे जेवण पोहोचलेले असते.

विसाव्या शतकाच्या अखेरच्या पावशतकात कॅनडा व अमेरिका या देशांत सणाच्या भयकथेचा एक निराळाच प्रकार उदयास आला. इंग्रजीत या चित्रपटांना 'स्लॅशर' म्हणतात. कथेचा साचा ठरलेला असतो. एखादा मुखवटा चढवलेला किंवा चेहराच न दिसणारा मारेकरी एका रात्रीत, एका घरात वा एका गावात, तरुण मुलामुलींना सुरीने किंवा कुऱ्हाडीने एकेक करून ठार मारतो. शेवटी बहुधा एक मुलगी जिवंत उरते. ती रात्र साधीसुधी नसते. ती नाताळची असते, सर्व संतांच्या सणाच्या पूर्वसंध्येची असते, संत व्हॅलेंटाइनच्या दिवसाची असते किंवा नववर्षाच्या स्वागताची असते.

हे चित्रपट आमच्या वाचकांनी पाहावेत अशी आमची शिफारस नाही. परंतु ज्या सणांभोवती आपल्या कुटुंबांचे वर्ष फिरते, तेच सण या चित्रपटांनी वापरले आहेत. शिवाय ते पाहण्यासाठी आज चित्रपटगृहाची पायरी चढावी लागत नाही. मुलांच्या हातातल्या पडद्यावर ते सहज येतात. म्हणून त्यांचा इतिहास समजून घेणे अगत्याचे आहे. पवित्र दिवशी रक्त दाखवले हाच या चित्रपटांचा अपराध, की त्यांचा खरा दोष आणखी कोठे आहे, हा प्रश्न आम्ही या लेखात विचारू इच्छितो.

नाताळच्या आठवड्यातील रक्त

घाईघाईने उत्तर देण्यापूर्वी आपण आपल्याच उपासना-दिनदर्शिकेकडे पाहू. २५ डिसेंबरला गव्हाणीतल्या बाळाचे दर्शन घेऊन आपण घरी येतो. दुसऱ्याच दिवशी ख्रिस्तसभा पहिला रक्तसाक्षी संत स्तेफन याचे स्मरण करते. त्याला दगडांनी ठेचून मारले होते. २८ तारखेला बेथलेहेमच्या निष्पाप बालकांचा सण येतो. २९ तारखेला कँटरबरीचे आर्चबिशप संत थॉमस बेकेट यांचे स्मरण होते. ११७० साली त्यांच्याच कॅथेड्रलमध्ये राजाच्या सरदारांनी तलवारी चालवून त्यांची हत्या केली. म्हणजे नाताळच्या आठवड्यातून रक्त वगळावे असे ख्रिस्तसभेला कधीच वाटले नाही.

सांताक्लॉजचे उदाहरण तर अधिकच बोलके आहे. त्याचे मूळ चौथ्या शतकात आजच्या तुर्कस्तानातील मायरा येथे होऊन गेलेले बिशप संत निकोलस यांच्यात आहे. ६ डिसेंबरला त्यांचा सण असतो. त्यांच्याविषयी मध्ययुगात एक आख्यायिका प्रचलित झाली. रात्रीच्या आसऱ्याला आलेल्या तीन मुलांना खाणावळवाल्याने, काही ठिकाणी म्हणतात खाटकाने, ठार मारले आणि त्यांचे तुकडे मिठाच्या पिंपात टाकले. संत निकोलस तेथे आले, त्यांनी प्रार्थना केली आणि तिन्ही मुले जिवंत होऊन उभी राहिली. फ्रान्समधील फ्लरीच्या मठाशी निगडित अशा, सुमारे १२०० सालच्या एका हस्तलिखितात तीन विद्यार्थ्यांच्या या हत्येवरचे लॅटिन नाटक आहे. सणाच्या दिवशी खून दाखवणारे पहिले नाट्यप्रयोग सिनेमावाल्यांनी केलेले नाहीत. ते धर्ममंदिरांच्या छायेत झाले.

इंग्लंडातील कोव्हेंट्री शहरात शिंपी व लोकर कातरणारे कारागीर आपल्या संघाच्या खर्चाने नाताळचे नाटक सादर करीत. त्यात हेरोद राजा गाडीवरच्या रंगमंचावर तर थयथयाट करीच, पण खाली रस्त्यावर उतरून प्रेक्षकांतही धिंगाणा घाली. त्याची आरडाओरड इतकी प्रसिद्ध झाली, की शेक्सपिअरने 'हॅम्लेट'मध्ये नटांना बजावताना तिचा दाखला दिला आहे. तथापि त्याच नाटकात बेथलेहेमच्या माता आपल्या लेकरांसाठी एक अंगाईगीत गात. हेरोदाचे नाटक केव्हाच बंद पडले. ते अंगाईगीत 'कोव्हेंट्री कॅरल' या नावाने नाताळात आजही गायले जाते. मारेकऱ्याने रंगमंच कितीही व्यापला, तरी शेवटी लोकांच्या ओठांवर राहिले ते मारल्या गेलेल्यांचे गाणे. ही गोष्ट ध्यानात ठेवून आपण आता १९७४ सालच्या टोरांटोकडे वळू.

टोरांटोतील वसतिगृह

११ ऑक्टोबर १९७४ रोजी कॅनडात 'ब्लॅक ख्रिसमस', म्हणजे 'काळा नाताळ', हा चित्रपट प्रदर्शित झाला. कथा-पटकथा रॉय मूर यांची, दिग्दर्शन बॉब क्लार्क यांचे. खर्च सात लाख डॉलरांच्या आतला; हॉलिवूडच्या मानाने अगदीच किरकोळ. बहुतेक कथा विद्यार्थिनींच्या एका वसतिगृहात घडते. नाताळच्या सुटीत मुली घरी जाण्याच्या तयारीत आहेत. त्यांना दूरध्वनीवर घाणेरडे, वेडेविद्रे आवाज ऐकू येतात. शेवटी पोलिसांना उमगते, की हे दूरध्वनी त्याच घरातून येत आहेत. मारेकऱ्याचा चेहरा आपल्याला दिसत नाही आणि त्याने हे का केले तेही कळत नाही. त्याच्या डोळ्यांनी पाहिलेले घर दाखवण्यासाठी कॅमेरामन बर्ट डंक यांनी कॅमेरा स्वतःच्या अंगावर बांधून चित्रण केले. पुढे शेकडो चित्रपटांनी ही युक्ती उचलली.

चित्रपटात एक प्रसंग असा आहे, की दारात लहान मुले नाताळगीते गात उभी आहेत आणि वरच्या खोलीत एका मुलीचा खून होत आहे. तिचा आवाज गाण्यात बुडून जातो. या प्रसंगाची पुष्कळ चर्चा झाली. आम्हाला मात्र दुसरीच एक गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. पहिली बळी पडलेली मुलगी क्लेअर हिचे वडील तिला सुटीसाठी घरी न्यायला येतात. ठरलेल्या जागी ते वाट पाहत उभे राहतात. ती येत नाही. मग ते वसतिगृहात, पोलीस ठाण्यात, बागेत, सर्वत्र तिचा शोध घेतात. तिचा मृतदेह त्याच घराच्या माळ्यावर आहे आणि चित्रपट संपतो तरी तो कोणाला सापडत नाही. या पित्याच्या चेहऱ्यावरची काळजी दिग्दर्शकाने दुर्लक्षिली नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानात लेकरांसाठी रडणाऱ्या राहेलचा उल्लेख आहे. या स्वस्त भयपटाच्या कडेला उभा असलेला हा बाप तिच्याच कुळातला म्हटला पाहिजे.

चित्रपटाच्या नायिकेचे काम ऑलिव्हिया हसी यांनी केले. हीच अभिनेत्री १९७७ साली फ्रँको झेफिरेली यांच्या 'जीझस ऑफ नाझरेथ' या मालिकेत पवित्र मरिया म्हणून जगासमोर आली आणि २००३ साली कोलकात्याच्या मदर तेरेसांची भूमिकाही तिनेच केली. २७ डिसेंबर २०२४ रोजी, नाताळच्या आठवड्यातच, तिचे निधन झाले. दिग्दर्शक बॉब क्लार्क यांची गोष्टही अशीच चकित करणारी आहे. 'ब्लॅक ख्रिसमस'नंतर नऊ वर्षांनी, १९८३ मध्ये, त्यांनी 'अ ख्रिसमस स्टोरी' हा निर्मळ कौटुंबिक विनोदी चित्रपट काढला. अमेरिकेतील दूरदर्शन वाहिन्यांवर तो दर नाताळला आवर्जून दाखवला जाऊ लागला. २००७ साली एका मद्यपी चालकाच्या गाडीने दिलेल्या धडकेत क्लार्क व त्यांचा तरुण मुलगा दोघेही मृत्यू पावले. भयपट काढणारी माणसे म्हणजे कोणी राक्षस, अशी समजूत करून घेणाऱ्यांनी ही चरित्रे अवश्य पाहावीत.

तीन लाख डॉलरांची रात्र

'ब्लॅक ख्रिसमस'ने वाट दाखवली. ती राजमार्ग झाली ती चार वर्षांनी. आयर्विन याब्लान्स या छोट्या वितरकाला, दाईकाम करणाऱ्या मुलींच्या मागे लागलेल्या मारेकऱ्याचा एक स्वस्त चित्रपट हवा होता. सगळी कथा हॅलोविनच्या एकाच रात्री घडवावी, ही कल्पना त्याचीच. जॉन कार्पेंटर या तिशीतल्या दिग्दर्शकाने व डेब्रा हिल या निर्मातीने मिळून पटकथा लिहिली. सुमारे तीन लाख डॉलर उभे केले ते मुस्तफा अक्काद यांनी. हे अक्काद मूळचे सीरियाचे. इस्लामच्या प्रारंभकाळावरचा 'द मेसेज' हा भव्य चित्रपट त्यांनी १९७६ साली काढला होता. २००५ च्या नोव्हेंबरात जॉर्डनची राजधानी अम्मान येथे हॉटेलांत झालेल्या बॉम्बस्फोटांत ते आणि त्यांची कन्या बळी पडली. पडद्यावरच्या खोट्या रक्तावर पैसा मिळवणाऱ्या या माणसाचा अंत खऱ्या रक्तपाताने झाला.

'हॅलोविन'चे चित्रण १९७८ च्या वसंत ऋतूत कॅलिफोर्नियात सुमारे तीन आठवड्यांत उरकण्यात आले. कथा मात्र इलिनॉयमधील शरद ऋतूची. तेव्हा कागदाची पाने रंगवून रस्त्यावर पसरली जात आणि दृश्य संपले की सगळे मिळून ती पुन्हा पोत्यात भरत, कारण पुढच्या दृश्याला तीच लागत. मारेकऱ्याचा मुखवटा दोन डॉलरांहून कमी किमतीत दुकानातून आणलेला होता. 'स्टार ट्रेक' या मालिकेतील कॅप्टन कर्कच्या त्या मुखवट्याला पांढरा रंग फासून डोळ्यांची भोके मोठी केली, एवढेच. कार्पेंटर यांचे वडील संगीताचे प्राध्यापक होते. चिरंजीवांनी पाच मात्रांची एक सोपी धून पियानोवर बसवली. दिग्दर्शन, लेखन व संगीत मिळून त्यांना दहा हजार डॉलर मिळाले. चित्रपटाने केवळ अमेरिकेत सुमारे चार कोटी सत्तर लाख डॉलर मिळवले.

सणच का निवडला, याचे उत्तर या हिशेबात आहे. गरीब निर्मात्याला सण अनेक गोष्टी फुकट देतो. चित्रपटाचे नाव हीच जाहिरात होते. दिवे, झाडे, भोपळे, सांताचा पोशाख हे नेपथ्य बाजारात तयार मिळते. सणाच्या खुणा सर्वांच्या ओळखीच्या असल्यामुळे प्रस्तावनेत वेळ जात नाही. आणि सण दर वर्षी परत येतो, त्यामुळे जुना चित्रपटही दर वर्षी नव्याने विकता येतो.

मुखवट्याचा हिशेब तर याहूनही खोल जातो. मुखवट्याआड कोणीही नट चालतो. तो बदलला तरी प्रेक्षकाला पत्ता लागत नाही. बळी पडणारी मुले मात्र दर भागात नवी घ्यावी लागतात, कारण जुनी मेलेली असतात. साहजिकच निर्मात्याच्या हाती मालमत्ता म्हणून उरतो तो फक्त मारेकरी. मायकेल मायर्स हे मारेकऱ्याचे नाव जगाला पाठ झाले, त्याचे मुखवटे दर ऑक्टोबरात दुकानांत टांगले जाऊ लागले. त्याच्या हातून मेलेल्या मुलींची नावे किती जणांना सांगता येतील?

विस्मरणाची ही बाब 'हॅलोविन' या शब्दाच्या संदर्भात अधिकच बोचते. त्या शब्दाचा अर्थच मुळी सर्व संतांच्या सणाची पूर्वसंध्या असा आहे. नवव्या शतकात पोप चौथे ग्रेगरी यांच्या काळात १ नोव्हेंबरचा हा सण पश्चिम युरोपभर रूढ झाला. ज्यांना दिनदर्शिकेत जागा मिळाली नाही, अशा अज्ञात संतांचीही आठवण व्हावी, हा त्यामागचा हेतू. दुसऱ्या दिवशी, मृतांच्या स्मरणदिनी, वसईपासून गोव्यापर्यंत आपली कुटुंबे दफनभूमीत जाऊन कबरी फुलांनी सजवतात, मेणबत्त्या लावतात, घरातल्या मृतांची नावे घेऊन प्रार्थना करतात. नावे विसरू नयेत म्हणून असलेल्या दिवसांच्या उंबरठ्यावरच नावे विसरायला लावणारा हा खेळ मांडला गेला.

दिनदर्शिकेची लूट

'हॅलोविन'च्या यशानंतर निर्माते दिनदर्शिका हाती घेऊनच बसले. १९८० मध्ये 'फ्रायडे द थर्टीन्थ' आला. त्याची पटकथा पूर्ण होण्याआधीच नुसत्या नावाची जाहिरात व्यापारी वृत्तपत्रात झळकली होती. साडेपाच लाख डॉलरांच्या या चित्रपटाने अमेरिकेत सुमारे चार कोटी मिळवले. त्याच वर्षी नववर्षाच्या रात्रीवर 'न्यू इयर्स ईव्हिल', मातृदिनावर 'मदर्स डे', नाताळावर 'टू ऑल अ गुडनाइट' व लुइस जॅक्सन यांचा 'ख्रिसमस ईव्हिल' असे चित्रपट निघाले. यांतील बहुतेकांविषयी फार लिहावे असे काही नाही. 'ख्रिसमस ईव्हिल' मात्र काहीसा वेगळा होता. त्यातील नायक खेळण्यांच्या कारखान्यातला एकाकी नोकर आहे. सांता खरा असावा ही त्याची बालपणीची आस वेडात परिवर्तित होते आणि बाजारू नाताळाची चीड त्याला खुनापर्यंत नेते.

१९८१ साली आलेला 'माय ब्लडी व्हॅलेंटाइन' हाही उल्लेखनीय. जॉर्ज मिहाल्का यांनी तो कॅनडातील नोव्हा स्कोशियाच्या सिडनी माइन्स या गावी, खऱ्या कोळशाच्या खाणीत चित्रित केला. त्या काळी कॅनडात देशी चित्रपटात गुंतवलेल्या रकमेवर करात मोठी सूट मिळे, म्हणून असे अनेक चित्रपट तेथे निर्माण झाले. कथेचे बीज विचार करण्यासारखे आहे. व्हॅलेंटाइनच्या नाचाला वेळेवर पोहोचण्याच्या घाईत देखरेख करणारे दोघे खाणीतला वायू न तपासता निघून जातात. स्फोट होतो, कामगार गाडले जातात. वीस वर्षांनी गाव तो अपघात मागे टाकून पुन्हा नाच भरवते, आणि सूड जागा होतो. मृत कामगारांना विसरणाऱ्या गावाचीच ही गोष्ट आहे. परंतु प्रमाणपत्र मंडळाने कापलेल्या नऊएक मिनिटांच्या रक्तपाताचीच चर्चा इतकी झाली, की खाण कामगारांकडे पाहायला कोणास सवड राहिली नाही.

कुऱ्हाडधारी सांता आणि पालकांचा संताप

या इतिहासातील सर्वांत गाजलेले प्रकरण १९८४ चे. ९ नोव्हेंबर रोजी 'सायलेंट नाइट, डेडली नाइट' हा चित्रपट अमेरिकेच्या पूर्व व मध्य भागांतील सुमारे चारशे चित्रपटगृहांत लागला. खर्च साडेसात लाख डॉलरांच्या आसपास. दिग्दर्शक चार्ल्स सेलिअर हे तोवर 'ग्रिझली अ‍ॅडम्स'सारख्या कौटुंबिक चित्रपटांसाठी ओळखले जात. धुराड्यातून बाहेर आलेला लाल बाहीचा हात आणि त्यात कुऱ्हाड, असे त्याचे भित्तिपत्रक होते. दूरदर्शनवर मुले जागी असतात त्या वेळी जाहिराती झळकल्या आणि पालक खवळले. सांताला पाहून मुले रडू लागल्याच्या तक्रारी आल्या. मिलवॉकी शहरात मातापित्यांनी निदर्शने केली. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात लोक चित्रपटगृहासमोर नाताळगीते गात उभे राहिले. समीक्षक जीन सिस्केल यांनी दूरदर्शनवरील आपल्या कार्यक्रमात निर्मात्या-दिग्दर्शकांची नावे वाचून दाखवून त्यांचा धिक्कार केला. पहिल्या तीन दिवसांत चित्रपटाने सुमारे चौदा लाख डॉलर मिळवले होते. तरीही वितरक कंपनीने आधी जाहिराती व नंतर चित्रपटच मागे घेतला.

हा विजय किती टिकला? पुढच्याच वर्षी एका छोट्या वितरकाने त्याच वादाची जाहिरात करून चित्रपट पुन्हा आणला. १९८७ साली दुसरा भाग निघाला, त्यात बराचसा भाग पहिल्या चित्रपटातीलच उचललेला होता. नंतरचे भाग थेट व्हिडिओ कॅसेटवर आले. विख्यात नट मिकी रूनी यांनी १९८४ मध्ये चित्रपटाचा जाहीर निषेध केला होता. १९९१ साली निघालेल्या पाचव्या भागात त्यांनी स्वतःच खेळणी बनवणाऱ्या म्हाताऱ्याची भूमिका केली! निषेधाने चित्रपट मेला नाही. उलट त्याला नाव मिळाले.

तथापि आम्हाला येथे दुसरा एक मुद्दा मांडायचा आहे. या चित्रपटातील बिली नावाचा मुलगा सांताच्या वेशातील चोराच्या हातून आपले आईवडील मारले गेलेले पाहतो. त्यानंतर त्याचे बालपण एका कॅथलिक अनाथाश्रमात जाते. तेथील मदर सुपिरिअर त्याच्या भयाला अवज्ञा समजते; त्याला मारते, बांधून ठेवते, बळेच सांताच्या मांडीवर बसवते. तेथे एक दयाळू सिस्टरही आहे, तिला मुलाचे दुःख समजते, पण तिचे कोणी ऐकत नाही. मोठेपणी त्याच्या अंगावर सांताचा पोशाख चढवला जातो आणि तो खुनी होतो. अखेर त्याच अनाथाश्रमाच्या दारात, पोलिसाच्या चुकीने, सांताच्या वेशातील एक बहिरे धर्मगुरू मुलांदेखत गोळीला बळी पडतात.

चित्रण भडक आहे, अतिरंजित आहे, धर्मभगिनींच्या सेवेची त्यात विटंबना आहे, हे सर्व खरे. अनाथांना पोटाशी धरणाऱ्या सिस्टर्स आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. पण १९८४ च्या संतापाचा रोख प्रामुख्याने सांताच्या अब्रूकडे होता. आश्रमात मार खाणाऱ्या मुलाकडे नव्हता. पंचवीस वर्षांनी, २००९ च्या मे महिन्यात, आयर्लंडमध्ये न्यायमूर्ती रायन यांच्या आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला. धर्मसंघांनी चालवलेल्या मुलांच्या संस्थांत अनेक दशके मुलांना झालेली मारहाण व अत्याचार त्यात नोंदले गेले. ती मुले चित्रपटातली नव्हती. त्यांच्यापैकी कोणीही कुऱ्हाड घेऊन बाहेर पडले नाही. त्यांनी आयोगासमोर येऊन साक्ष दिली, एवढेच. स्वस्त भयपटाचे शिंतोडे अंगावरून पुसून टाकणे सोपे असते. त्या शिंतोड्यांत एखादा खरा थेंब होता काय, हे पाहणे कठीण, पण तेच आपले कर्तव्य आहे असे आम्हाला वाटते.

बंदी आणि विवेक

चित्रपटांवर नैतिक देखरेख ठेवण्याचा प्रयत्न अमेरिकेत कॅथलिकांनीच हिरिरीने केला होता. १९३० ची चित्रपट-आचारसंहिता तयार करण्यात येशूसंघीय फादर डॅनिअल लॉर्ड व प्रापंचिक पत्रकार मार्टिन क्विग्ली यांचा मोठा वाटा होता. १९३४ पासून 'लीजन ऑफ डिसेन्सी' या संघटनेच्या प्रतिज्ञा चर्चमध्ये घेतल्या जात. पोप अकरावे पायस यांनी १९३६ साली 'व्हिजिलांती कुरा' या परिपत्रकात या कार्याचा गौरव केला. १९६८ मध्ये ती आचारसंहिता संपून वयानुसार प्रमाणपत्रे देण्याची पद्धत आली, आणि तिच्याच मोकळ्या जागेत स्वस्त भयपट रुजले. मधल्या काळात, १९६३ साली, दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने संपर्कमाध्यमांवरील 'इंतेर मिरिफिका' या आदेशपत्रात प्रेक्षकांच्या स्वतःच्या विवेकावर व मातापित्यांच्या जबाबदारीवर भर दिला होता. बंदीचे दिवस संपल्यावर हाच मार्ग उरतो.

तो किती आवश्यक आहे, हे ताज्या उदाहरणावरून दिसते. ११ ऑक्टोबर २०२४ रोजी, म्हणजे 'ब्लॅक ख्रिसमस'ला बरोबर पन्नास वर्षे झाली त्या तारखेला, डेमियन लिओन यांचा 'टेरिफायर ३' अमेरिकेत प्रदर्शित झाला. त्यात आर्ट नावाचा मुका विदूषक सांताचे कपडे घालून नाताळात संहार करतो. बालकेही वाचत नाहीत. सुमारे वीस लाख डॉलर खर्चाचा, कोणतेही प्रमाणपत्र न घेतलेला हा चित्रपट पहिल्याच आठवड्यात कमाईत देशात पहिला आला आणि जगभरातून त्याने नऊ कोटी डॉलरांच्या घरात रक्कम मिळवली. फ्रान्सने अठरा वर्षांखालील प्रेक्षकांना त्यास मनाई केली. चाळीस वर्षांपूर्वीची गाणारी निदर्शने मात्र कोठे ठळकपणे दिसली नाहीत.

या प्रवाहात सगळेच गढूळ आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. शेवटी जिवंत उरणाऱ्या मुलीच्या भूमिकेवर कॅरल क्लोव्हर या विदुषीने १९९२ साली एक ग्रंथ लिहिला. भित्र्या प्रेक्षकाची सहानुभूती अखेर त्या मुलीकडेच जाते, असे तिने दाखवून दिले. २०१८ साली नव्या 'हॅलोविन'मध्ये जेमी ली कर्टिस चाळीस वर्षांनी त्याच भूमिकेत परतली. पांढऱ्या केसांची, त्या एका रात्रीने सारे आयुष्य व लेकीशी असलेले नाते उसवलेली अशी ती बाई होती. मार चुकला तरी घाव राहतो, हे त्या प्रकाराला उशिरा का होईना उमगले. रक्तसाक्षी या आपल्या शब्दात साक्षी हा शब्द आहे. जो पाहतो आणि सांगतो तो साक्षी. उरलेली मुलगी हीच या कथांतील साक्षी होय.

आरंभी विचारलेल्या प्रश्नाकडे आता येऊ. सणाच्या दिवशी रक्त दाखवले हा या चित्रपटांचा दोष नव्हे. ते तर स्तेफनच्या दिवशी आपणही आठवतो. फरक आहे तो कोणाची आठवण ठेवली जाते यात. ख्रिस्तसभेने सण ठेवला तो बालकांचा, हेरोदाचा नव्हे. संत निकोलसच्या कथेत खाटकाला नाव नाही. मुले पिंपातून उठून बाहेर येतात. बाजाराने मात्र मारेकऱ्याला नाव दिले, मुखवटा दिला, पुढचे भाग दिले, आणि बळींना पुढच्या भागापुरतेही ठेवले नाही. १९८४ च्या पालकांनी सांताची बाजू घेतली. बिलीची बाजू घ्यायला फारसे कोणी पुढे आले नाही. निषेधालाही हाच आजार जडू शकतो.

आपल्या घरातील मुलाने असा एखादा चित्रपट पाहिला असल्याचे कळले, तर केवळ रागावून भागणार नाही. त्याच्याजवळ बसून त्याला विचारावे, की यात कोण कोण मेले, त्यांची नावे काय होती, त्यांच्या घरी कोण वाट पाहत होते? मुलाला ते आठवणार नाही, कारण त्याने ते लक्षात ठेवावे अशी त्या चित्रपटाची इच्छाच नसते. पण प्रश्न विचारला गेला, की मुलगा पुढच्या वेळी त्यांच्याकडे पाहील. २८ डिसेंबरची मिस्सा आपल्याकडे बहुधा ओस असते. नाताळचा शीण उतरलेला नसतो. त्या दिवशी मुलांना बरोबर घेऊन जावे आणि वेदीवरून ज्या लेकरांची आठवण होते, ती कोणाची होती हे त्यांना सांगावे. टोरांटोतल्या त्या वसतिगृहाच्या दाराशी मुलीची वाट पाहत उभ्या असलेल्या बापाला, निदान आपल्या घरात तरी, कोणी विसरता कामा नये.